अव्वानं केलेला सौदा

१९४४ सालच्या पाडव्याला मी मुरूम सोडलं. जवळ निजामाच्या हाली शिक्क्याचे तीनशे दहा रुपये. हजर होता अण्णा तुम्ही, वहिनी, माझी बायको आणि आमच्याबरोबर निघालेली आपली आई, अव्वा. पैसे तुम्हीच दिलेत. मी तसेच खिशात घालत होतो, तर अव्वा म्हणाली, "भावानं दिल्यालं बी मोजून घ्यावं." मी मोजले आणि गाडी सुटली.

तुम्ही विचारलंत, मुरूमच्या घरातला वाटा का विकला. त्याचं हे उत्तर.

उस्मानाबादेत आडत दुकानी हिशेबाची नोकरी लागली आणि गावाबाहेरच्या नव्या वस्तीत, कचेरीतल्या एका मयत पेशकाराच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. वस्ती श्रीमंतांची. वकील, डॉक्टर आणि आडते यांची घरं स्वतःची. बदलीवर येणारे अंमलदार भाड्यानं राहत. आमच्या मालकिणीच्या घरासारखं घर, विहिरीसकट, चार हजारांना जाई. भाव तोंडानं कुणी बोलत नसे. बैलबाजारासारखा उपरण्याखाली बोटं दाबून सौदा होई.

अव्वा तिथं रमेना. फाटकं बंद, मीठ मागायला कुणी येईना. म्हणे, "इथं माणसं ऱ्हात्यात का नुसती दारं?" मग पेशकाराच्या बेवा, आमच्या मालकीणबाई, विहिरीवर तिच्याशेजारी येऊन बसू लागल्या. आम्ही त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत असू. त्या दखनी बोलत, अव्वा कानडी मिसळलेलं मराठी. काय बोलता विचारलं तर म्हणे, "तिचं मला कळतंय, माझं तिला. तुला कशाला पंचाईत?"

अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली. त्यानंतर आपल्या जिल्ह्यात मुसलमानांचं काय काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. अंमलदार गेले, घरं ओस पडली, चार हजारांचं घर लोक दीड हजाराला मागू लागले. हैदराबादेत खालांच्या मुलाची नोकरी गेली होती. तो आईला न्यायला आला. घराचे जे येतील त्यावरच मायलेकांचं पुढचं चालायचं होतं.

ते घर मीच घ्यायचं ठरवलं. दलाल मला म्हणाला, "मुनीमजी, दोन हजारांच्या वर जाऊ नका. थांबलात तर आणखी उतरंल." माझ्याजवळ शिल्लकही तेवढीच होती.

खाला गोषातल्या, परक्या पुरुषाच्या हातात हात देणार नाहीत. म्हणून अव्वाला पडद्याआड बसवलं. बैलाच्या व्यापाऱ्याची लेक ती, बोटांची भाषा लहानपणापासून पाठ. मी बजावलं, "दोन हजार. वर नाही."

खालांच्या ओढणीखाली दोघींचे हात गेले. बराच वेळ झाला. मग अव्वा बाहेर आली.

"किती?"

"साडेतीन."

"अव्वा, मी दोन म्हटलं होतं."

"ती बी दोनावरच थांबली व्हती. म्याच तिची बोटं धरून वर नेली."

दलाल हसला. "मावशी, घेणाऱ्यानं भाव चढवलेला म्या आजच बघतोय."

"मंग बघून घे," अव्वा म्हणाली. आणि माझ्याकडं वळून, "चार वर्षं शेजार केला तिनं. त्यो फुकट व्हता का?"

उणे पडले दीड हजार. ते मुरूमच्या वाट्यातून उभे केले. अण्णा, वाटा तुम्हीच घेतलात, परक्याच्या हाती गेला नाही, एवढं समाधान आहे. कुणी गाव विचारलं तर तोंडात अजून मुरूमच येतं. पण रात्री दाराला कडी घालताना, आपण घरी आहोत असं आता इथंच वाटतं. अव्वा आहे तिथं घर, असा माझा हिशेब आहे.

दलालाला पस्तीस रुपये मी दिले. तीन हजार पाचशे, हाली, खालांच्या हातात दिले. टांगा दाराशी आला तेव्हा त्यांनी त्या महिन्याचं आगाऊ घेतलेलं भाडं कनवटीतून काढलं आणि अव्वाच्या हातावर ठेवलं. "घर तुम्हारा, फिर किराया कायकू?" बारा रुपये होते. अव्वानं ते घेतले.