लाईन येण्याआधीची हाक

आधी रशीदचाचांचं नाव लिहितो, मग बाकीचं. ते नसते तर अमरावतीकडच्या त्या तालुक्यात मी टिकलो नसतो. मी जतकडचा, नववीत शाळा सोडलेला. लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. भूत-बित मी कधी मानलं नाही... आजही मानतो असं म्हणवत नाही.

तेव्हा तिकडं शेतीचे दिवस फार वाईट, मदतीच्या अर्जांसाठी तहसील ऑफिसात सारखी गर्दी. आमच्या ठेकेदाराकडं काम होतं – टेबलाटेबलावरचे जुने प्रिंटर उचलायचे आणि सगळ्यांत मिळून एकच मशीन बसवायचं, कमी वीज खाणारं, कागदाच्या दोन्ही बाजूंना छापणारं. चाचांचं स्टेशनरीचं दुकान ऑफिससमोरच. मागच्या खोलीत त्यांनी मला राहायला जागा दिली, जेवायलाही बोलवायचे.

त्या दिवशी दुपारी अमरावतीहून साहेब मशीन बघायला येणार होते, आणि सकाळीच ते अडकलं. बाबूंनी त्यात पाठकोरे कागद घातले होते – जुन्या फायलींतले, एक बाजू कोरी असलेले. स्टेपलरच्या पिनांसकट.

"वानखडेभाऊ, पिना तरी काढायच्या!"

"कागद वाचवा म्हने सायेब. वाचवला नं आमी? आता पिनाही आमीच काढाच्या का बे?"

सगळे हसले. मला हसू येईना. ठेकेदार फोनवर म्हणाला, साहेब येईपर्यंत चालू झालं नाही तर बॅग उचल. घरची चूल माझ्याच पगारावर होती.

मशीनचं मागचं दार उघडलं. दार उघडं असलं की मशीन बंद पडतं. रोलर फिरताना दिसावेत म्हणून दाराचा स्विच चिकटपट्टीनं दाबून ठेवला. तेवढ्यात लोडशेडिंग सुरू. प्लग काढायचं मनातही आलं नाही... तेव्हा कुणीच काढत नसे. गेलेली लाईन ठरल्या वेळेलाच येते, हे सगळ्यांना पाठ. बाबू चहाला गेले. मी एकटा रोलरमध्ये बोटं घालून पिन चाचपत होतो.

"बारक्या, हात काढ तिथनं!"

माझ्या अक्काचा आवाज. बारक्या मला फक्त तीच म्हणते, आणि ती तर जतला. दचकून हात काढला, मागं वळलो... खोली रिकामी, बाहेर व्हरांडाही. आणि लाईन आली. रोलर गरकन फिरले, पिन आत चिरडली.

दारात बघतो तर चाचा. गुडघ्यांमुळे रस्ताही न ओलांडणारा माणूस, अनवाणी धावत आलेला.

"काहून बलावलं बे मले?"

"मी नाही बोलावलं, चाचा."

"झूट नको बोलू. 'चाचा, लवकर या' – तुयाच आवाज होता. दुकान उघडं टाकून आलो मी!" मग त्यांची नजर भिंतीकडं गेली. "अबे, पलग तं काढ! लाईन गेली म्हनजे मेली का?"

प्लग त्यांनीच काढला. ते टॉर्च धरून बसले, मी चिमट्यानं तुकडे काढले. साहेब आले तेव्हा मशीन चालत होतं.

संध्याकाळी एसटीडीवरून घरी फोन केला. अक्का त्या वेळी विहिरीवर धुणं धूत होती. तिला काही वाटलं नव्हतं, ती काही बोललीही नव्हती. लाईन ठरल्या वेळेआधी का आली, तेही कुणी सांगू शकलं नाही. एक हाक मला, एक त्यांना, आणि मारणारं कुणीच नाही... विचार करून थकलो, अजून कळलेलं नाही.

एक मात्र कळतं. दोन्ही बाजूंना छपाई सुरू झाल्यावर ऑफिसला जाणारे चाचांचे कागदाचे गठ्ठे कमी झाले. असं होणार हे त्यांना आधीच ठाऊक होतं. तरी टॉर्च धरून बसले.

मी अजून गावोगाव दुसऱ्यांची मशीनं बसवत फिरतो. चाचा, एक मशीन तुमच्या दुकानात बसवून देणार आहे, माझ्या हातानं. ऑफिसाबाहेरची गर्दी झेरॉक्स काढायला तुमच्याकडं वळेल. उशीर होईल, पण देईन.