नावाआधीची जागा

वडील इंदापुरात पाट्या रंगवायचे. दुकानांचे बोर्ड, ट्रकमागची अक्षरं, जे येईल ते. नव्वदच्या दशकात आमच्या भागातल्या एका हौशी माणसानं मराठी सिनेमा काढला आणि सुरुवातीची नामावली लिहायचं काम वडिलांकडे आलं. काळ्या पुठ्ठ्यांवर पांढरी अक्षरं लिहायची, मग ते पुठ्ठे पुण्याला नेऊन कॅमेऱ्यानं टिपणार होते.

वडिलांना तेव्हा तोंडाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. बोलायला त्रास व्हायचा, तरी नामावलीचे कायदे सांगताना त्यांना दम धरवत नसे. आधी गणपती. मग निर्मात्याच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. मग नायक, नायिका. म्हाताऱ्या नटाचा मान वेगळा, तो नटांच्या शेवटी, 'आणि' लावून. दिग्दर्शक सगळ्यांच्या मागून, एकटा.

"नाव एकटं आलं की माणूस मोठा," ते म्हणायचे. "धा जणांत आलं की नुसता पंगतीला आल्याला."

मी बारावी होऊन घरीच होते. रंग कालवायचे, रेघा आखायचे.

तो 'आणि'वाला नट चित्रीकरण संपल्यावर वारला. निर्मात्याचा माणूस पुठ्ठा परत घेऊन आला, नावाआधी 'कै.' लिहून द्या म्हणाला. नाव मधोमध बसवलेलं, डावीकडे 'कै.' घातलं की सगळं एका बाजूला कलंडत होतं. वडिलांनी अख्खा पुठ्ठा काळा करून पुन्हा लिहिला.

"मेल्याल्या माणसाला कडंला रेटू न्हाय," एवढंच बोलले.

शेवटून दुसरा पुठ्ठा त्यांचा स्वतःचा होता. वर 'नामलेखन' आणि खाली त्यांचं एकट्याचं नाव. निर्मात्याकडून तो त्यांनी मागून घेतला होता. एका दुपारी लिहून ते आडवे झाले. मी पाहिलं तर नाव उजवीकडे सरकलेलं, डावीकडे जागा मोकळी. मला वाटलं, आजारपणानं हात हलला. जन्मभर 'मधोमध, मधोमध' म्हणून माझ्यावर खेकसलेला माणूस! सगळ्या तालुक्याला ही चूक दिसणार, या विचारानं मला कसंसंच झालं. ते झोपेत असतानाच मी पुठ्ठा काळा केला आणि त्यांच्यासारखंच अक्षर काढून नाव बरोबर मध्ये बसवलं. बापाची अब्रू वाचवली, अशा तोऱ्यात होते मी.

उठल्यावर त्यांनी पुठ्ठा बराच वेळ बघितला.

"कुणी केलं?"

"मी. सरकलं व्हतं."

"अक्षर चांगलं वळवलंयस," ते म्हणाले आणि कुशीवर वळले.

त्याच महिन्यात ते गेले. तेराव्यानंतर निर्मात्याचा माणूस तो पुठ्ठा घेऊन दारात आला. "ताई, तेवढं 'कै.' लिहून द्या."

ब्रश हातात घेतला तेव्हा मला ती मोकळी जागा कळली. आधी त्यांचा रागच आला. एका शब्दानं सांगितलं असतं तर? पण सांगायचं म्हणजे, 'मी मरणार आहे' हे त्यांनी मला तोंडावर सांगायचं. आमच्या घरात तेवढी एकच गोष्ट कुणी बोलत नव्हतं. मी पुन्हा सगळं काळं केलं, नाव उजवीकडे घेतलं आणि त्यांनी ठेवली होती त्याच जागी 'कै.' लिहिलं.

सिनेमा लागला तेव्हा आईला घेऊन दुपारच्या खेळाला गेले. नावं चालू होती तरी लोक आत येतच होते. दाराचा पडदा हलला की उजेड अक्षरांवर पडायचा. आईला वाचता येत नव्हतं. मी तिला सांगून ठेवलं होतं, शेवटून दुसरं. एकामागून एक वडिलांचं अक्षर येत राहिलं, ज्यांना ते कधी भेटलेही नव्हते अशा माणसांची नावं. सगळ्या नामावलीत एकच नाव त्यांच्या हातचं नव्हतं.

ते आलं तेव्हा आईनं माझं मनगट धरलं.

"ह्ये त्येंच्याच हातचं ना गं?"

"व्हय," मी म्हणाले.