बयाबाईचं भाजल्याचं औषध

सायखेड्याच्या बयाबाईकडे भाजलेलं माणूस आणलं की ती आणणाऱ्यांना ओसरीवर बसवायची आणि कडुलिंबाचं पाणी चुलीवर चढवायची. त्या पाण्यानं जखम धुवायची. मग दगडीपाल्याचा रस आणि हळद तिळाच्या तेलात आटवून केलेलं औषध मऊ फडक्यानं लावायची. पू धरलेल्या, वास मारणाऱ्या जखमा त्यानं लाल, स्वच्छ होत. सगळ्याच नव्हे. पण मेलेल्यांची नावं कोण काढत बसतं? बऱ्या झालेल्यांचा डंका मात्र थेट नाशिकपर्यंत वाजत होता.

औषध तिला सासूकडून मिळालं होतं आणि त्याच्याबरोबर एक बंधनही. भाजलं कसं, ते विचारायचं नाही. विचारलं की गुण जातो. अट मोठी सोयीची होती. सरकारी दवाखान्यात नेलं की पोलीस जबाब घ्यायला यायचे. बयाबाईकडे एका नारळात काम व्हायचं. जीपमधून तरण्याताठ्या सुना यायच्या, स्टोव्ह भडकला म्हणून सासवाच सांगायच्या, आणि बऱ्या झाल्या की त्या सुना त्याच सासवांबरोबर परत जायच्या. लोक बयाबाईला देवमाणूस म्हणत. बरोबरच होतं. देव तरी कुठं काय विचारतो?

शहाण्णव सालच्या थंडीत अशीच एक जीप दारात थांबली आणि तिच्यातून बयाबाईची विहीण, लंकाबाई उतरली. मागच्या बाकावर छाया पालथी पडली होती. छाया म्हणजे बयाबाईची थोरली लेक, नाशकात द्वारका चौकाजवळ दिलेली.

"आठवडा झाला, विहीणबाई. स्टोव्ह भडकला," लंकाबाई म्हणाली. "म्हटलं, घरचं औषध असताना दवाखान्यात जाऊन अब्रू कशाला चव्हाट्यावर मांडायची?"

बयाबाईनं फडकं सारून लेकीच्या पाठीवरचा हिरवट पू पाहिला. स्टोव्ह भडकला तर हात, पोट, तोंड भाजतं. मानेपासून कंबरेपर्यंत नुसती पाठ भाजत नाही. हे तिच्याइतकं पंचक्रोशीत कुणाला ठाऊक नव्हतं.

"आई, इचार ना गं मला," छाया उशीत तोंड खुपसून म्हणाली.

"गप पड. बोललं का कातडी ताणती."

पुढं तिनं रात्रीचा दिवस केला. आई होती ती, तेवढं तिच्या पदरात टाकलंच पाहिजे. वास गेला, ताप उतरला, पाठीवर नवी गुलाबी कातडी धरली. शेजारणी येऊन पाहून जात आणि तोंडात बोटं घालत. आता पाठ भरली होती, विचारलं असतं तरी गुण जाण्याची भीती उरली नव्हती. तरी तिनं विचारलं नाही.

होळी झाल्यावर लंकाबाई न्यायला आली. बयाबाईच्या धाकट्या लेकीचं, साधनाचं लग्न चैत्रात होतं, ओझरच्या कारखान्यातला मुलगा मिळाला होता. थोरली माहेरी येऊन बसली हे कानावर गेलं असतं तर सोयरीक मोडली असती.

"मला नको धाडू, आई," छाया चुलीपाशी बसून रडत म्हणाली. "मी रानात राबीन, भाजी इकीन. तुमच्यावर भार नाय व्हणार."

"सादनाचं लगीन तोंडावर आलंय, छाये. ते पार पडू दे, मंग बघू."

बयाबाईनं लेकीची ओटी भरली. पिशवीत शेव ठेवली, लोणचं ठेवलं, आणि औषधाची एक बाटली फडक्यात गुंडाळून वर ठेवली. "असू दे संगं. लागलं कधी तर."

छायाचं रडणं थांबलं. तिनं ती बाटली काढून हातात धरली, उजेडाकडं करून पाहिली.

"एवढ्यानं काय व्हतंय?" ती म्हणाली. "मागच्या येळी पाठाडच पेटवलं व्हतं. आता सगळीच पेटवतील. जरा जास्त दे."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. बयाबाई उठली, आत गेली, आणि दुसरी बाटली भरून घेऊन आली.