वाटूर फाट्याच्या उतारावरची जीप

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. सुरुवातीला असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणत नाहीये. आमच्या घरात भुताला शिरायला दारच नव्हतं. बाबा, म्हणजे माझे वडील, आम्हा बहीण-भावाला मुद्दाम अमावस्येच्या दुपारी स्मशानातल्या बोरीची बोरं खायला न्यायचे आणि वर विचारायचे, "गोड लागली ना? मंग भूत कुठं गेलं?" मी स्वतः परतूरला शाळेत विज्ञान शिकवतो. नारळातून धूर कसा काढतात, लिंबातून रक्त कसं काढतात, हे दरवर्षी पोरांना करून दाखवतो. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय. बाबा असते तर त्यांनी मला पुन्हा बोरं खायला नेलं असतं.

आमचं घर वाटूर फाट्याच्या खाली आहे. फाट्यावरून आमच्या वस्तीपर्यंत रस्ता सरळ उतरत येतो. हा उतार नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं.

बाबांकडे जुनी पेट्रोल जीप होती. सरकारी लिलावात घेतलेली, माझ्यापेक्षा वयाने मोठी. वाटूर-परतूर सवाऱ्या मारून त्यांनी आम्हाला शिकवलं. बाजारकरी, रेल्वेला जाणारे, बाळंतिणी, नवरदेव, कोंबड्यांच्या पाट्या... सगळं त्या जीपने वाहिलं. चौदा एप्रिलला मात्र सवारी बंद. त्या दिवशी निळे झेंडे लावून, बॉनेटवर हार घातलेला फोटो ठेवून मिरवणुकीत सगळ्यात पुढे आमची जीप असायची. बाबा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून इतक्या हळू चालवायचे की लेझीम खेळणाऱ्या पोरी गाडीच्या पुढे निघून जायच्या.

पण जीप पेट्रोल प्यायला भलती पटाईत. म्हणून बाबा संध्याकाळी फाट्यावर आले की इंजिन बंद करायचे आणि गाडी न्यूट्रलवर उतारावरून घरंगळत थेट अंगणात आणायचे. घरात आईला आधी इंजिनाचा आवाज ऐकू यायचा, मग तो बंद व्हायचा. बंद झाला की आई चहा ठेवायची. गाडी दारात थांबेपर्यंत उकळी आलेली असायची. बाबा येताहेत हे आम्हाला आवाजाने नाही, आवाज थांबल्याने कळायचं.

बाबा गेले तेही तिथेच. एका संध्याकाळी फाट्यावर इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवरच मान टाकली. हार्ट अटॅक. गाडी रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली उभी राहिली ती खाली आलीच नाही. बऱ्याच वेळाने कुणाच्या तरी लक्षात आलं. मी तेव्हा पुण्याला होतो.

त्यानंतर जीप पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. इंजिन जाम झालं. आईचे कानही हळूहळू गेले. आता कानाशी ओरडलं तरच काही कळतं, शेजारी फटाका फुटला तरी तिला पत्ता नसतो. मशीन घेऊन दिलं, पण "कानात मुंग्या चालतात" म्हणून ते डबीतच पडून असतं.

गेल्या दिवाळीनंतर आई एकदम म्हणाली, "एकदा त्यांची गाडी जयंतीला निघाली पाहिजे रे. मी बसन पुढं."

आईने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. लगेच कामाला लागलो.

सलीम माझा वर्गमित्र, पण मी मास्तर झाल्यापासून तोही मला 'सर'च म्हणतो. परतूरला त्याचं गॅरेज आहे. दर रविवारी तो यायचा. शेडच्या आडव्या तुळईला चेन-कप्पी टांगून आम्ही इंजिन बाहेर काढलं आणि ओसरीवर गोणपाट पसरून मोकळं केलं. बायकोची परात नट-बोल्टांसाठी पळवली, ती अजून परत दिलेली नाही. इंजिनाचा ब्लॉक बोअरिंगला, म्हणजे पिस्टनची झिजलेली भोकं नव्याने कातायला, जालन्याला नेला. उरलेले दिवस मी डिझेल आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक पार्ट घासत बसायचो. खरं सांगतो, इतके सुखाचे दिवस कित्येक वर्षांत गेले नव्हते. हाताला ग्रीस लागलं की बाबांच्या शर्टाचा वास यायचा. आई उंबऱ्यात बसून बघायची. पिस्टन हातात घेतला तर म्हणायची, "एवढंसंच असतं व्हय? आवाज तर केवढा करायचं."

आणि त्याच दिवसांत ते सुरू झालं.

एका दिवशी दिवेलागणीला आई ताठ झाली, मान फाट्याकडे वळवली. "आले बघ." थोडा वेळ गेला. "बंद झाला आवाज." आणि उठून चहा ठेवायला गेली.

इंजिनाचे तुकडे माझ्यासमोर गोणपाटावर पडले होते!

मग रोजच तसं व्हायला लागलं. कधी म्हणायची, "चढावर दम लागून राह्यला गाडीला." ब्लॉकमध्ये नव्या रिंगांचे पिस्टन बसवले त्या दिवशी म्हणाली, "आज मोकळी पळून राह्यली." मी योगायोग म्हणून सोडून दिलं. तिला जालन्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, "ऐकू येणं गेलं की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो. कुणाला भजन ऐकू येतं, कुणाला घंटा. घाबरू नका." माझं समाधान झालं. विज्ञानाचा मास्तर, लगेच पटलं.

ताईला नाही पटलं. ती संभाजीनगरला असते. फोनवर म्हणाली, "तू ते इंजिन उघडलंस आणि आईचं हे सुरू झालं. भंगारात दे ते, जालन्याच्या भट्टीत वितळू दे. आईचं डोकं ठिकाणावर राहणं महत्त्वाचं की जीप?"

मलाही आतून भीती होतीच. आईला एक दिवसाचा आनंद द्यायला निघालो आणि तिची शुद्धच हरवून बसलो तर? पण रोज संध्याकाळी तिचा चेहरा असा उजळायचा की काम थांबवायचं धाडस होईना.

जयंती तोंडावर आली. इंजिन बसवलं, तेल भरलं, रेडिएटरमध्ये पाणी टाकलं. स्टार्टर मारायचं दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवून सलीम घरी गेला. मी अंगणात हात धूत होतो.

आई नेहमीसारखी म्हणाली, "बंद झाला आवाज." आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली तर चेहरा पांढराफटक.

"गाडी आली न्हाई."

"येईल," मी हातानेच खुणावलं.

तिने माझा शर्ट धरला. "तवा बी मी हेच म्हणले. येतील. चहा आटला, पुन्हा ठेवला, पुन्हा आटला. मी कुणालाच धाडलं न्हाई बघायला. शेजारी पोरं बसल्ती, एकाला म्हणले असते तर गेलं असतं पळत... तू जा. जल्दी जा. बघून ये."

इतक्या वर्षांत हे तिने मला, ताईला, कुणाला सांगितलं नव्हतं. ओले हात तसेच घेऊन मोटरसायकल काढली.

फाट्यावर नेहमीचीच गडबड. एसटीची वाट बघणारे, भजीवाला, जयंतीचे बॅनर बांधणारी मंडळी. लिंबाखाली काही म्हणजे काही नव्हतं. कुणीतरी विचारलं, "काय सर, काय हरवलं का?" उगाच खाली बघत उभा राहिलो. परत फिरताना डांबराच्या कडेला बुटाखाली काहीतरी आलं.

बोल्ट होता. लांब, जाडजूड, तेलाने ओला. उचलला तर गरम. आता चैत्रातलं ऊन, दिवसभर तापलेला रस्ता, लोखंड गरम असणारच... असं मी स्वतःला तिथल्या तिथे समजावलं आणि तो खिशात टाकला.

आई दारातच उभी होती. "गेल्तास?"

मी मान डोलावली.

"कुणी होतं का?"

"नाही आई. कुणीच नव्हतं," मी तिच्या कानाशी मोठ्याने म्हणालो.

तिने मोठा श्वास सोडला आणि खाली बसली. बोल्ट दाखवला, तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. "तू गेलास ना. बस झालं."

सकाळी सलीम आला. मी गंमत म्हणून बोल्ट त्याच्या हातात ठेवला. त्याने फिरवून बघितला आणि त्याचं हसू मावळलं. "सर, हा तर हेडचा बोल्ट आहे." हेडवरचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावरचे, सगळे बोल्ट जागेवर दिसत होते. सलीमने कार्बोरेटर खोलला आणि आत बॅटरी मारली. या इंजिनात हेडचा एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, आत लपलेला असतो. वरून दिसत नाही. काढताना आम्ही काढला होता, बसवताना दोघंही साफ विसरलो होतो. भोक रिकामं होतं.

"या अल्लाह," सलीम म्हणाला. "चालू केली असती ना सर, तर गॅस्केट गेलं असतं, पाणी तेलात... जयंतीत मिरवणुकीमधीच बंद पडली असती. मंग चाचींना काय तोंड दाखवलं असतं आपण?"

बोल्ट बसला. बराबर बसला. जुना, त्याच जागेचा.

मग सलीमनेच डोकं चालवलं. महिन्याभरापूर्वी आम्ही टाकाऊ सामानाचं पोतं भंगारवाल्याला दिलं होतं. त्यात चुकून हा गेला असेल, फाट्यावर पोत्यातून पडला असेल. पटण्यासारखं आहे. आईच्या आवाजाचं डॉक्टरांनी सांगितलं, तेही पटण्यासारखं आहे. पण महिनाभर रस्त्यावर पडलेला बोल्ट तेलाने ओला कसा? आणि नेमकं त्याच संध्याकाळी आईने मला तिथे का धाडलं? मी फळ्यावर मांडून बघितलंय, खोटं नाही सांगत, शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात. उत्तर येत नाही. तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर जरूर लिहा, फक्त मांत्रिकाचा पत्ता पाठवू नका.

जीप पहिल्या स्टार्टरला नाही, तिसऱ्याला लागली. आईने बॉनेटवर तळहात ठेवला आणि तो थरथरायला लागल्यावर लहान पोरीसारखी हसली. जयंतीला ती पांढरी साडी नेसून पुढे बसली. मी चालवत होतो. लेझीमवाल्या पोरी आमच्याही पुढे निघून गेल्या. मला रडू आवरेना, आणि आवरायचंही नव्हतं.

मी फाट्यावर जाऊन आलो त्या संध्याकाळनंतर आईला आवाज आलेला नाही. एकदाही नाही. ताईला हायसं वाटलं. मलाच मात्र चुकल्यासारखं व्हायचं... इंजिन जोडून आपण आईकडून काहीतरी काढून तर घेतलं नाही ना? शेवटी एकदा तिच्या कानाशी ओरडून विचारलं, "आता बाबांची आठवण नाही येत का गं?"

ती शेंगा निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आठवण तर रोज येते रे. वाट न्हाई पाहावी लागत आता."