विहिरीचा जबाब

माझं तोंड मला पहिल्यापासून नडलेलं आहे. चौथीपर्यंत शिकले, लग्न होऊन धुळ्याला देवपुरात गेले, आणि तिथलं शुद्ध बोलणं जिभेवर चढलं तसं ते तोंड आणखीच सुटलं. जळगावला माहेरी आले की मी मुद्दाम तसं बोलायची. मी दारातून आत येताच आई म्हणायची, "ऊनी आमनी मास्तरीण!" मला ते फार आवडायचं.

माहेर म्हणजे गावाच्या कडेला नानांचा, म्हणजे वडिलांचा, वांग्याचा मळा, त्यात तीन खणांचं घर आणि एक विहीर. भरताची ती मोठी हिरवी वांगी विहिरीच्या मोटेवर पिकायची. विहीर नानांच्या आजोबांनी खणलेली. पण पाणी आळीतलं कुणीही भरायचं. सगळ्यात जास्त यायची ती पलीकडची चाची, पिंजाऱ्याची विधवा. गोधड्या शिवून पोट भरायची. कुणी हटकलं तर नाना म्हणायचे, "पानीना कोनी मालक ऱ्हास का?"

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी होते. नाना आंबे आणायला बाजारात गेलेले, आई चुलीपाशी खापरावर मांडे टाकत होती. मी निंबाला बांधलेल्या झोक्यावर, आणि चाची विहिरीवर घागर भरत होती. तेवढ्यात एक कारकून आणि साखळी घेतलेले दोन मोजणीदार आत आले. कारकून अगदी सभ्य. प्यायला पाणी मागितलं, मी दिलं आणि परत झोक्यावर बसले. "पाणी गोड आहे," म्हणाला. मग वही उघडून सहज विचारल्यासारखं विचारलं, "विहीर कोणाची?"

मी झोका थांबवलासुद्धा नाही. "विहीर सर्वांची आहे," मी म्हटलं. "पाण्याला का कोणी मालक असतो? सगळी आळी भरते. आम्ही कोणाला मनाई करत नाही."

त्यानं लिहून घेतलं. माझ्या बोलण्याचं कौतुकही केलं. नाव मात्र विचारलं नाही, आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही. चाची भरलेली घागर तशीच ठेवून त्याच्या टाकाकडे बघत होती, एवढं आठवतं. नाना आल्यावर मी सांगितलं, कुणी मोजणीवाले येऊन गेले. ते म्हणाले, "त्यासले रस दिधा का?" आखाजीच्या दिवशी माणूस दारातून उपाशी गेला याचीच त्यांना रुखरुख.

पावसाळा सरला आणि वांग्यांच्या ओळींत खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. प्रत्येकीला लाल फडकं. मग दवंडी फिरली: सार्वजनिक कामासाठी, नव्या कापूस बाजारासाठी, एवढी एवढी जमीन सरकार घेणार. नाना खुंट्यांना हात लावत नव्हते. त्या चुकवून पाणी देत होते. शेजारच्या व्यापाऱ्याचं पडीक रान मोकळंच होतं, तिथे एकही खुंटी नव्हती. येणारेजाणारे आमच्या मळ्याकडे बघायचे आणि बोलणं आखडतं घ्यायचे. मरणाच्या घरावरून जाताना माणसं चालतात तशी चालायची.

दिवाळीला मी आले तेव्हा नाना हरकत घेऊन कचेरीत गेले होते. ऊन कलल्यावर परतले ते पागोटं हातात घेऊन. साहेब म्हणाले होते, स्वतःच्या विहिरीवरची बागायत वगळायचा हुकूम आहे, पण ही विहीर कागदावर सार्वजनिक आहे. म्हणजे तुमची जमीन जिरायत. जिरायत घेतली जाईल. नानांनी विचारलं, कोणी सांगितलं सार्वजनिक म्हणून? साहेबांनी कागद वाचून दाखवला: विहिरीवर हजर असलेल्या बाईच्या जबाबावरून.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चाची नेहमीसारखी घागर घेऊन आली. विहिरीवर हजर असलेली बाई म्हटल्यावर नानांना दुसरी कोण आठवणार?

"भाभी," नाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला, "आम्ही तुमले पानी दिधं, आनि तुम्ही मनी विहीर सरकारले दी टाकी?"

चाचीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग मान खाली घातली आणि रिकामी घागर घेऊन परत गेली. नानांनी त्याच संध्याकाळी विहिरीच्या वाटेवर बाभळीच्या काट्यांचा झाप लावला. माझं सुटलेलं तोंड त्या दिवशी शिवल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चाचीच्या दारी गेले. रडतच म्हटलं, मी आत्ता जाऊन नानांना सांगते. तिनं माझं मनगट धरलं. "सांगू नको बेटी. कागद आते फिराव नही. तुना बापना राग मनावर शे, या चाचीवर, तो मनावरच ऱ्हाऊ दे. तुनं माहेर ऱ्हाऊ दे."

मी तिचं ऐकलं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. कुणीतरी गप्प बस म्हणावं म्हणूनच मी तिच्याकडे गेले होते, हे मला आज कळतं, आणि माझी मलाच शिसारी येते.

उन्हाळ्याच्या तोंडी ताबा घेतला. निंब पाडला, विहीर मुरमानं बुजवली. सर्वांची म्हणून घेतलेली विहीर कुणाचीच उरली नाही. आई त्या धसक्यानं वर्षभरात गेली. नानांना मी देवपुरात आणलं. बाजारातलं वांगं ते ताटात घेत नसत. आल्यागेल्याला एकच सांगत, पिंजाऱ्याच्या बाईनं मला मातीत घातलं.

एक दिवस नाना जेवत असताना जळगावचा माणूस आला. चाची वारली, म्हणाला.

"बरं झालं," नाना म्हणाले.

तव्यावरची भाकरी फुगली होती. मी ती काढली आणि त्यांच्या ताटात वाढली.