आतून दाराकडे

माझी नात केतकी मोबाइलवरचे गेम बनवते. काल तिने नवा गेम दाखवला. त्यात लुगडं नेसलेली एक बाई शेणाने जमीन सारवत होती. ही बाई मशीननेच बनवली, माणसाचा हातसुद्धा लागला नाही, असं केतकी कौतुकाने सांगत होती.

बाई दारापासून सारवत आत गेली आणि कोपऱ्यात जाऊन थांबली.

"आता ही बाहेर कशी येणार?" मी विचारलं.

"चालत."

"ओल्यावरून? अगं, आतल्या भिंतीपासून सुरुवात करतात आणि मागे सरकत दाराशी येतात."

"गेममध्ये पाय उमटत नाहीत, आजी. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलं ना."

मशीन म्हणे ढीगभर चित्रं बघून शिकतं. सारवलेल्या अंगणाचे फोटो लोकांनी हौसेने काढले असतील. सारवणाऱ्या बाईचा कोण काढतो? माझ्या आईचा एकही फोटो नाही. मशीनला दोष देऊन काय उपयोग? त्याला कोणी दाखवलंच नाही. चार-दहा वर्षांत चूक काढणाऱ्या आम्हीही नसू. मग दारापासून आत जाणारी ही बाईच खरी ठरेल.

"करून दाखवतेस?" केतकीने व्हिडिओ काढायला फोन उचलला.

मी फरशीवर उकिडवी बसले. गुडघे ठणकत होते. कोरडाच हात फिरवत, मागे सरकत दारापर्यंत आले.

"आजी, माझा फोन हलला गं."

"मग आता नीट धर," म्हटलं, आणि पुन्हा भिंतीपाशी जाऊन बसले.