पाझर तलावातला आशिया कप

आम्ही बौद्ध, त्यामुळे लग्न ठरवताना पत्रिका बघायचा प्रश्न नव्हता. माझा आशिया कप बघितला गेला.

लातूरला जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. नव्या कलेक्टर कचेरीतला रंगाचा वास अजून गेला नव्हता. खुर्च्या कमी आणि दुष्काळ भरपूर! मी टंचाई शाखेत कारकून. कोणत्या गावाला टँकर कधी, हा कागद माझ्या टेबलावरून सरकायचा, म्हणून गावोगावचे सरपंच मला 'साहेब' म्हणायचे. (आमचा शिपाई म्हणायचा नाही.) अशात नांदेडच्या मामांनी शिरूर अनंतपाळकडचं स्थळ आणलं. मुलगी सुनंदा, डी.एड. झालेली. फोटो बघितला आणि मी खलास झालो. ही मुलगी मिळाली नाही तर जन्मभर टंचाईच, असं मला अगदी मनापासून वाटलं.

"एकच अडचण हाय," मामा म्हणाले. "पोरीचा बाप हैदराबादेत नोकरी करून आलाय. त्याला फुटबॉलचं लई येड! आधीची दोन पोरं त्याच्यावरूनच परत पाठवली."

"मामा, मी फुटबॉल नुसता पेपरात बघितलाय."

"मग पेपरच वाच की लेका! पोरगा कालेजच्या टीममधी होता, असं सांगून आलोय मी."

मामांनी कुठून कुठून जुने पेपर पैदा केले आणि मी आठवडाभर घोकंपट्टी केली. बघायला गेलो त्या दिवशी पोह्यांची बशी हातात येते न येते तोच मुलीचे वडील, म्हणजे अण्णा, यांनी पहिला प्रश्न टाकला.

"चौसष्टच्या आशिया कपात आपला नंबर?"

"दुसरा!"

"वा!" (टीमा चारच होत्या, हे मी लग्नानंतर बोललो. आधी बोलायची ती गोष्ट नव्हती.) "मग?"

"मग वीस वर्षं आपण गेलोच नाही."

"गेलोच न्हाई म्हणू नका पाव्हणं. पोचलो न्हाई म्हणा." अण्णांचा आवाज जड झाला. सिंगापूरची जखम तेव्हा ताजी होती. "आन् चौऱ्याऐंशी?"

"सिंगापूरला चार मॅची. आपले गोल शून्य."

"पन इराणला बरोबरीत रोखलं! त्याचं कुणी नाव काढत न्हाई!" अण्णांनी खरोखर डोळे पुसले. मीही पुसले. दोघांत एकच रुमाल होता, तोही मामांचा.

आता पास झालो म्हणून मी पोह्यांकडे वळलो, तर अण्णा म्हणाले, "पुढच्या ऐतवारी गावात मॅच ठिवली हाय. तुमाला खेळताना बघतो, मग साखरपुड्याचं बोलू."

"खेळंल की!" मामा गरजले. "सगळ्यात म्होरं खेळंल!"

पायात काही नसलं तरी हातात काहीतरी आहे, हे दाखवायला हवं होतं. त्या गावचा टँकर रखडलेला होता. मी ड्रायव्हरला गाठलं आणि बजावलं, "रविवारी काही झालं तरी जायचं!" सासुरवाडीला पाणी पाठवणारा जावई! मी स्वतःवरच खूश झालो.

मॅच पाझर तलावात होती. दचकू नका, तलावात थेंब नव्हता, म्हणून तर त्याचं मैदान झालं होतं. गोलच्या खांबांसाठी रोजगार हमीच्या कामावरच्या पहारी रोवल्या होत्या. सगळं गाव बांधावर बसलेलं, आणि शिट्टी घेऊन खुद्द अण्णा पंच! मी जीव तोडून पळालो. चेंडू एका दिशेला आणि मी दुसऱ्या, त्यामुळे कुणाला इजा झाली नाही.

एवढ्यात बांधावरून आरोळी आली, "टँकर आलाऽऽ!"

आधी प्रेक्षक उठले. मग दोन्हीकडचे खेळाडू. शेवटी गोलकीपरसुद्धा चेंडू माझ्या पायाशी टाकून, "धरा साहेब!" म्हणत पळाला. मामाही गेले. (त्यांच्याकडे घागरसुद्धा नव्हती!) माझ्या उभ्या नोकरीत टँकर सांगितल्या दिवशी पोचला, असा हा एकच प्रसंग.

तलावात उरलो अण्णा आणि मी. समोर गोल रिकामा.

"अण्णा, पाणी आलंय..."

"मॅच संपल्याली न्हाई. मारा!"

मी मागे सरलो, धावत आलो आणि सगळा जोर काढून लाथ मारली. बूट शिपायाकडून मागून आणलेला, चांगला सैल. बूट सरळ गोलात गेला. चेंडू जागेवर!

टँकरच्या रांगेतून असा हशा उसळला की ड्रायव्हरनं पाइप बंद केला. अण्णा हसले नाहीत. शिट्टी खिशात घालून घराकडे चालू लागले. त्यांच्या मागे एका बुटावर मी. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू?

"न्हाई जमायचं," अण्णांनी ओसरीवर, टँकरकडून परतलेल्या मामांना सांगून टाकलं.

तेवढ्यात सुनंदा डोक्यावर भरली घागर घेऊन आली. ती न उतरवता तशीच बापासमोर उभी राहिली.

"अण्णा, सिंगापूरला आपले गोल किती झाले?"

"एक बी न्हाई."

"मग टीम सोडली का तुमी? अजून बी जीव टाकून राहिले ना? त्यांला चार मॅची होऊन माफी, आन् ह्यांची तर एकच झाली!"

अण्णांनी खिशातली शिट्टी काढून पुन्हा आत टाकली. मग पुटपुटले, "हाव. ह्यांचा निदान बूट तरी गोलात गेला." आणि त्यांचा विचार बदलायच्या आत मामांनी साखर मागवली.

लग्न झाल्यावर एकदा मी छाती फुगवून सुनंदाला विचारलं, "माझ्यासाठी बापाशी भांडलीस. एवढं काय बघितलंस माझ्यात?"

"तुमाला फुटबॉल येतच न्हाई, हे डोळ्यानं बघितलं," ती म्हणाली. "घरात एक अण्णा बास झाले. रोज जेवताना इराण, इराण! त्यांच्या जोडीला अजून एक कुठं आणू?"

थोडक्यात, मामांनी कितीही थापा मारल्या असल्या, तरी माझी निवड निव्वळ खेळ बघूनच झाली होती!